पन्नास पाहुणे आणि वरोऱ्याची भाजी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा घरचा आहे.

माझी एक मावसबहीण पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी जर्मनीला चालली आहे. नोकरीसाठी नाही, एम.एस.साठीही नाही. स्वयंसेवक म्हणून. तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करायचं आणि एका जर्मन कुटुंबाच्या घरी राहायचं, असा एकूण मामला. पाठवणाऱ्या संस्थेने तिला वीसेक पानांची पीडीएफ दिली आहे. पहिल्या दिवशी यजमानांसाठी काय न्यावं, बाथरूममध्ये किती वेळ लावावा, जेवण आवडलं नाही तर ते कसं सांगावं, भांडी घासू का असं कधी विचारावं... सगळं क्रमवार. ती पीडीएफ मला फॉरवर्ड करून तिने फोनवर विचारलं, "दादा, तू तीन वर्षं ऑनसाईट होतास ना? सांग बरं, काय काय तयारी करू?"

आता ऑनसाईटवाल्याला काय कळतंय यजमान कुटुंब! आम्ही चार देशी पोरं एका अपार्टमेंटात, संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि शेजाऱ्याचं आडनाव शेवटपर्यंत ठाऊक नाही. परदेशात राहिलो खरं, पण कुणाच्या घरी नाही राहिलो. त्यामुळे तिला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतंच. पण परक्या देशात सेवेला जाणं आणि परक्यांच्या घरचं अन्न खाणं, या दोन गोष्टींचा एक मोठा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात सत्तरेक वर्षांपूर्वी होऊन गेलाय. तो नीट सांगावा असं बरेच दिवस मनात होतं.

आमचा जिल्हा म्हणजे चंद्रपूर आणि गाव पोंभुर्णा. (पुण्यात ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "हे कुठे आलं?" आणि दुसरा, "म्हणजे ताडोबाच्या जवळ का?" मी दोन्हींना हो म्हणतो. वाद कोण घालणार!) धानाची बांधी, बांबू, जंगल, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा, असा आमचा मुलूख. पोंभुर्णा चंद्रपूरच्या पूर्वेला, तर वरोरा चंद्रपूरच्या पलीकडे, नागपूरच्या वाटेवर. ज्या काळाची ही गोष्ट आहे तेव्हा जिल्ह्याचं नाव चांदा होतं, गडचिरोली त्याच्यातच होतं (ते वेगळं झालं १९८२ साली), आणि हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्र व्हायला अजून सहा वर्षं होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आमच्या गावच्या घरी सपरीत, म्हणजे पडवीत, एका कोनाड्यात पितळेचा एक पेला असायचा. तो घरात कधी यायचा नाही. दारात कुणी 'तसा' माणूस पाणी मागायला आला की आजी त्या पेल्यात वरून पाणी ओतायची, आणि तो गेल्यावर पेला राखेने घासून पुन्हा कोनाड्यात. 'तसा' म्हणजे कसा हे आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. रोगाचं नाव घ्यायचं नाही असा दंडक. पुढे कळलं, महारोग. आजी वाईट होती का? मुळीच नाही. दारातल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय तिने कधी परत पाठवलं नाही. पण पेला वेगळा. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग पूर्वीपासून फार, आणि अजूनही महाराष्ट्रात जास्त रुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत आमची नावं असतातच. तेव्हा असा पेला काही फक्त आमच्याच घरी नव्हता.

तर वरोरा.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, हे वरोऱ्यातले वकील. नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला, हे बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. तुळशीरामची गोष्टही. पावसात गटाराकाठी पडलेला, बोटं झडलेला, मरायला टेकलेला माणूस दिसला आणि बाबा घाबरून घरी पळाले. मग परत आले, त्याला आडोसा केला, खाऊ घातलं. तो गेला. या गोष्टीतलं 'परत आले' सगळे सांगतात. मला त्यातलं 'पळाले' जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण पुढे जे सगळं उभं राहिलं त्याचं मूळ त्या भीतीत आहे, आणि ती भीती म्हणजे नेमकी काय चीज आहे हे बाबांना आतून माहीत होतं.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचं शिक्षण घेऊन आले. तिथे त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले, आणि ते जंतू काही रुजले नाहीत. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. सरकारने दिलेली पन्नास एकर खडकाळ झुडपी जमीन. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, खिशात चौदा रुपये. सोबत साधनाताई आणि विकास-प्रकाश ही दोन लहान मुलं. पाणी नाही, म्हणून पहिलं काम विहिरीचं. साप-विंचू भरपूर, आणि जंगली जनावर पाळलेली कुत्री उचलून न्यायचं.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो.

दोन-तीन वर्षांत जमिनीने धान्य आणि भाजी द्यायला सुरुवात केली. खाऊन उरेल इतकी भाजी. गाव जवळच. पण घेणार कोण? महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्यात कुणी शिवेना. आणि हा फक्त गावठी अडाणीपणा होता असं समजायचं कारण नाही. इंग्रजांनी १८९८ साली केलेला कुष्ठरोग्यांचा कायदा होता. सरकार जो भाग जाहीर करेल तिथे कुष्ठरोग्याला खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करून विकायला, सार्वजनिक विहिरीचं पाणी भरायला, भाड्याच्या गाडीत बसायला बंदी करता यायची. म्हणजे माझ्या आजीच्या कोनाड्यातला पेला आणि सरकारी राजपत्र, दोन्ही एकच भाषा बोलत होते.

आता जरा युरोपात जाऊ या. (काळजी नको, लगेच परत येतो.)

पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर होता. झुरिकच्या नावाजलेल्या तंत्रविद्यापीठात शिकलेला. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले, तेही १८७३ साली, ज्या वर्षी नॉर्वेत हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला. निव्वळ योगायोग, पण मला असले योगायोग आवडतात. या सेरेसोलने वडिलोपार्जित पैसा सरकारजमा केला, सैन्यासाठीचा कर भरायचं नाकारून तुरुंगवास पत्करला. आणि १९२० च्या नोव्हेंबरात मूठभर लोकांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दुनजवळच्या एन नावाच्या गावात गेला. पहिल्या महायुद्धात ते गाव अक्षरशः सपाट झालं होतं. हे लोक तिथे ढिगारे उपसणार, झोपड्या बांधणार, रस्ता दुरुस्त करणार. गंमत म्हणजे त्यांच्यात जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं त्यांच्यातलेच काहीजण हातात फावडं घेऊन आलेले! गावाने आधी घेतलं, मग शंका सुरू झाल्या, आणि पाचेक महिन्यांनी काम आवरतं घ्यावं लागलं. पण त्यातून एक संस्था उभी राहिली, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. ब्रीद साधारण असं की शब्द पुरे, कृती हवी.

हाच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आला. राजेंद्रबाबूंच्या मदतकार्यात सामील होऊन, पुढची दोन-तीन वर्षं येऊन-जाऊन, मुझफ्फरपूरकडच्या भागात गावं नव्याने वसवायचं काम त्याने केलं. तो १९४५ मध्ये गेला. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, त्याच्या संस्थेचे लोक पुन्हा भारतात यायला लागले. आणि १९५४ मध्ये त्यांची एक तुकडी वरोऱ्याला उतरली.

आकडा नेहमी सांगितला जातो तो असा : ३६ देशांमधले ५० तरुण. मुक्काम सुमारे तीन महिने. काम, आनंदवनातल्या दवाखान्याच्या इमारतींचं बांधकाम.

इथे थांबून विचार करा. तुमचं-माझं वय. पंचवीस, सत्तावीस, फार तर तीस. तुम्ही आपला देश सोडून चांदा जिल्ह्यातल्या माळरानावर उतरलाय. भाषा येत नाही. वीज नाही. आणि तुमचं यजमान कुटुंब कोण? एक वकील, त्याची बायको, पाच-सात वर्षांची दोन पोरं आणि समाजाने हाकलून दिलेली माणसं. कुणाची बोटं गेलेली, कुणाचं नाक बसलेलं, कुणाच्या तळपायाला जखम आणि त्याला ती कळतही नाही. कारण हा रोग आधी नसा मारतो, आणि संवेदना गेली की चटका बसला तरी समजत नाही. त्या हातांनी पिकवलेली भाजी. त्या हातांनी ताटात वाढलेलं जेवण.

आणि हो, लस नाही. प्रतिबंधक गोळी नाही. डॅप्सोन हे औषध नुकतंच वापरात आलं होतं, त्याने रुग्ण सुधारत होते. पण आज देतात ती बहुविध औषधांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली ती १९८२ पासून, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी. कुष्ठरोग फारसा सांसर्गिक नाही, सुमारे ९५ टक्के माणसांना तो निसर्गतःच होत नाही, हे आपण आज आरामात म्हणतो. पण याच्या जंतूचा एक वाईट गुण आहे. तो फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी कधी वीससुद्धा. म्हणजे १९५४ साली वरोऱ्यात जेवलेल्या पोराला, आपण वाचलो की नाही, हे कळायला १९५९ किंवा कदाचित १९७४ उजाडणार. लग्न, नोकरी, मुलंबाळं, सगळं मधे येऊन जाणार. आपल्याकडे प्रॉडक्शनला बग सापडायला सहा महिने लागले तर केवढा गोंधळ होतो! हे लोक वीस वर्षांचा प्रश्न अंगावर घेऊन ताटावर बसले.

आता मी व्यवसायाने इंजिनिअर आहे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. हिशेब सरळ आहे. ५० माणसं, परदेशातून वरोऱ्यापर्यंतचा प्रवास. त्या काळातल्या बोटीच्या तिकिटांच्या पैशात वरोऱ्याचे तरबेज गवंडी कित्येक महिने कामाला लागले असते, आणि भिंती यांच्यापेक्षा सरळ आल्या असत्या. ज्या पोराने आयुष्यात थापी धरली नाही त्याला चंद्रपूरच्या उन्हात विटांवर उभं करण्यात कसली आली कार्यक्षमता? आजही परदेशी स्वयंसेवकांबद्दल हीच टीका होते : हौशी पोरं येतात, फोटो काढतात, वाकडी भिंत बांधतात, जातात. टीका बरोबरच आहे. तुम्ही इमारत मोजत असाल तर हा प्रकल्प तोट्यातच जातो.

पण गवंडी आले असते का? तिथेच तर सगळी मेख होती. आनंदवनात जाऊन काम करायला, तिथलं पाणी प्यायला गावातला माणूस तयारच नव्हता. आणि हे ५० जण दिवसभर विटा रचत होते त्याहून मोठं काम दिवसातून दोनदा करत होते. जेवत होते. तिथेच राहून, तिथलंच, तिथल्याच लोकांबरोबर.

वरोऱ्याने ते पाहिलं. आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगतात की आधी लोक नुसते बघायला यायचे. गोरी पोरं-पोरी महारोग्यांसोबत काम करतात, त्यांच्यासोबत जेवतात, हे खरं आहे का, एवढं बघायला. मग हळूहळू कुणीतरी भाजी घेतली. कुणी पहिल्यांदा घेतली असेल? मला तो माणूस फार महत्त्वाचा वाटतो. आनंदवनाच्या इतिहासात त्याचा पुतळा उभारायला हरकत नाही. भाजीमागून पुढे दूधही गावात जायला लागलं.

आता यात मला एक गोष्ट टोचते. बाबा आणि साधनाताई तीन वर्षं तिथेच राहत होते, तेच अन्न खात होते, आणि त्यांची दोन लहान मुलं त्याच मातीत खेळत होती. साधनाताई माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या सोवळ्या घरातल्या. त्यांनी या आश्रमाची चूल सांभाळली ती तीन महिने नव्हे, जन्मभर. हा पुरावा वरोऱ्याला पुरला नाही? स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती, पण विश्वास ठेवायला गोरा माणूस जेवलेला दिसावा लागला! याला गुलामीचा शिल्लक अंश म्हणा, दुसरं काय. मी यावर बराच विचार केला आणि मला आणखी एक कारण सापडलं, तेही मांडतो. बाबांना गाव 'वेगळा माणूस' म्हणून खात्यावर टाकून मोकळं झालं होतं. वकिली सोडून मैला वाहणारा माणूस काहीही करेल, त्याचं उदाहरण आपल्याला लागू नाही. वेडा म्हणा किंवा महात्मा म्हणा, दोन्हींचा उपयोग एकच : आपल्याला काही करावं लागत नाही. पण हे ५० जण महात्मे नव्हते. साधी कॉलेजच्या वयाची पोरं. घामेजलेली, दमलेली, भूक लागली की ताटावर बसणारी. महात्म्याला रोग होत नाही असं समजता येतं, भुकेल्या पोराला होत नाही असं समजता येत नाही. ते जेवले आणि ठणठणीत राहिले, हे गावाला पटलं.

दुसरी बाजू त्याहून मोठी. स्वयंसेवक आले म्हणजे रुग्णांची सेवा करायला आले, असं आपण धरून चालतो. पण ताटावर बसल्यावर देणारा कोण आणि घेणारा कोण? ज्या माणसाला वर्षानुवर्षं वेगळ्या पेल्यात वरून पाणी ओतलं गेलं, ज्याच्या सावलीलाही कुणी उभं राहत नव्हतं, तो माणूस आज दूरदेशीच्या पाहुण्याला म्हणतोय, "अजून एक भाकर घ्या." आग्रह करतोय! आपल्याकडे आग्रह कोण करतं? घरचा मालक करतो. भिकाऱ्याला आग्रह करता येत नाही, आश्रिताला करता येत नाही. ज्याचं स्वतःचं घर आहे त्यालाच पाहुणा येतो. माझ्या मते त्या तुकडीने आनंदवनाला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू हीच. दवाखाना बांधला हे खरंच, पण त्याआधी त्यांनी तिथल्या माणसांना यजमान केलं. आणि त्यासाठी त्यांना करावं लागलं ते एवढंच, मिळेल ते घेणं. शहाण्या, शिकलेल्या, मदत करायला निघालेल्या माणसाला हेच सगळ्यात कठीण जातं.

तयारीच्या बाबतीत जग पुढे फार शिस्तीचं झालं. 'होमस्टे' हा शब्द आपण आता कोकणात समुद्राजवळची खोली बुक करायला वापरतो, पण त्यामागचा इतिहास वेगळा आहे. डोनाल्ड वॉट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३२ साली काही अमेरिकन मुलांना युरोपातल्या मुलांसोबत स्वित्झर्लंडमध्ये एकत्र राहायला नेलं. अपेक्षा अशी की एकत्र राहिले की आपोआप मैत्री होईल. तशी ती होत नाही, हे आपल्यापैकी कुठल्याही होस्टेलवाल्याने त्याला सांगितलं असतं. आपापले कंपू झाले. मग त्याने पद्धत बदलली : कंपू मोडा आणि एकेकाला एकेका घरात ठेवा. त्या संस्थेचं नाव 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग'. तिच्यातर्फे तरुणपणी जर्मनीला जाऊन आलेल्यांपैकी एक सार्जंट श्रायव्हर, जो पुढे १९६१ मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरचा पहिला प्रमुख झाला. त्याच वर्षाअखेर पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक भारतात, पंजाबात, आले. १९७६ पर्यंत हजारो येऊन गेले.

त्यातल्या एक आपल्या विक्रोळीला होत्या. लिलियन कार्टर. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी! व्यवसायाने नर्स. शिकागो विद्यापीठात तीन महिन्यांचं प्रशिक्षण, मग गोदरेजच्या वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं काम आणि नंतर दवाखान्यात. तिथे कुष्ठरुग्णांचीही सेवा त्यांनी केली. १९७७ साली त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी बाईंनी भारतातून घरी लिहिलेली पत्रं पुस्तकरूपात आली. म्हणजे तोपर्यंत सगळं पद्धतशीर झालं होतं. प्रशिक्षण, मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत, दोन वर्षांची मुदत. ते वाईट होतं असं मुळीच नाही. माझ्या बहिणीच्या पीडीएफमध्येही वाईट काही नाही, उलट त्यातला जेवणाचा भाग सगळ्यांनी वाचावा असा आहे. पण आनंदवनात आलेल्यांना कुठल्या पानावर सांगता आलं असतं की बोटं नसलेल्या हाताने पुढे केलेली भाकर कशी घ्यावी? डोळ्यात बघून घ्यावी की खाली बघून? अशा गोष्टींची तयारी समोरच्याच्या घरी गेल्यावरच होते.

असो. पुढचं थोडक्यात सांगतो.

वरोऱ्याचा दरवाजा एकदा किलकिला झाला तो मग उघडतच गेला. १९६० च्या दशकात पु.ल. आणि सुनीताबाईंसारखी मंडळी आनंदवनात येऊन राहायला लागली, मित्रमेळे भरले. १९६४ साली आनंदवनाच्या आवारातच आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं आणि लगेच कृषी महाविद्यालयही. यातली गंमत लक्षात घ्या. ज्या गावाने दहा वर्षांपूर्वी इथलं वांगं घेतलं नव्हतं त्या गावाची पोरं आता पदवी घ्यायला इथे येणार होती. एरवी गाव कुष्ठरोग्यांसाठी संस्था काढतं, इथे कुष्ठरोग्यांनी गावासाठी काढली. ज्यांनी इमारती बांधायला हात लावला त्यातले बरेच हात बोटांशिवायचे होते.

१९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथला दवाखाना उभा करायला दोनेक वर्षांनी मदत आली ती स्विसएड या संस्थेची. पुन्हा स्वित्झर्लंड! सेरेसोलचा आणि त्याचा थेट संबंध जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही, पण आमच्या जंगलाचं आणि त्या डोंगराळ देशाचं काहीतरी जमतं खरं.

कायदा मात्र निवांत होता. १८९८ चा तो कुष्ठरोग्यांचा कायदा संसदेने रद्द केला २०१६ साली. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते काढलं २०१९ मध्ये. १९५४ मध्ये वरोऱ्यातल्या कुणा अनाम माणसाने पिशवीत भाजी घेतली, तिथपासून दिल्लीला पोचायला ६२ वर्षं लागली. तेवढ्यात आमच्या घरचा पेलाही कधीतरी मोडीत गेला. कुणी मुद्दाम काढला नाही. आजी गेली आणि सपरी पाडून स्लॅब टाकला, तेव्हा बाकीच्या भांड्यांसोबत तोही.

आणि सोमनाथ राहिलंच की. आमच्या पोंभुर्ण्याला लागून मूल तालुका. तिथे सोमनाथला १९६७ च्या सुमारास आनंदवनाचा शेतीप्रकल्प सुरू झाला, बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी जंगलाकाठी धानाची शेती उभी केली. आणि त्याच जागी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरायला लागली. मे महिन्यात, १५ ते २२ तारखेच्या दरम्यान, म्हणजे ज्या दिवसांत आमच्याकडचा शहाणा माणूस दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाही नेमके तेच दिवस. पुण्या-मुंबईची, नागपूरची, कोल्हापूरची पोरं येतात, पहाटे उठून कुदळ-फावडं घेऊन कामाला जातात. बांध घालतात, माती उपसतात. बाबांना ही कल्पना कुठून सुचली असेल याबद्दल माझा अंदाज तुमच्या लक्षात आलाच असेल. त्यातली कित्येक पोरं पुढे आयुष्यभर कुठे ना कुठे कामाला लागली, आणि बाकीची आपल्यासारखी नोकरीला.

काम संपवून ही मंडळी चिखलाच्या हातांनी परत येतात तेव्हा जेवण तयार असतं. तांदूळ तिथल्याच शेतातला असतो, आणि पंगत बसली की कुणीतरी भाताचं पातेलं घेऊन मधून फिरतं आणि तुमच्या नको-नको म्हणण्याकडे साफ दुर्लक्ष करून आणखी एक डाव ताटात वाढतं.